डोक्यावरचा शेरा

साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं. काचेवर ठसा उमटला. धाकटीने रुमाल काढून तो त्यांच्यादेखत पुसला, आणि बोट पुन्हा त्याच जागी येऊन बसलं.

"हे लाल काय आहे?"

"इशारा आहे. ज्या शेऱ्यात 'नये' हा शब्द आला, त्याला आपोआप लाल चौकट पडते. महत्त्वाचं ते उठून दिसलं पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात."

"उठून दिसतंय हो. पण काय उठून दिसतंय, ते वाचलंत का?"

तिने वाचलं नव्हतं. सकाळपासून ती रंगांशी झटत होती. साहेबांना मथळे निळे हवे होते. पण आकाशाचा निळा नको, शाईचा नको, बाहेरच्या पत्र्याच्या कपाटांचा हवा. तो जमला तेव्हा अक्षरं बारीक वाटू लागली. अक्षरं वाढवली तर तक्ता पानाबाहेर गेला. तक्ता आत ढकलला तर एका कोपऱ्यात रिकामा खण दिसायला लागला, आणि साहेब म्हणाले होते की तो दात पडल्यासारखा दिसतो, त्यात काहीतरी भरा.

पुराचा अंदाज बांधणारा या ऑफिसचा प्रोग्राम फॉरट्रान नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला होता. सोमवारी तो नदीकाठच्या नव्या नियंत्रण कक्षाच्या हवाली करायचा होता, आणि सोबत त्याची माहिती सांगणारी पानं द्यायची होती. ती हाताने लिहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून धाकटीने जनरेटर शोधून काढला होता. त्याने कोड वाचत जायचा, मधले शेरे उचलायचे आणि ज्याचा शेरा त्याच्या नावाखाली लावून सुबक पानं काढायची. मंजुरीच्या कागदावर 'जनरेटर' हा शब्द वाचून लेखापालांनी डिझेलचा खर्च कुठल्या खाती टाकायचा, असं विचारलं होतं. तेव्हापासून जनरेटर राहिला बाजूला, तिचंच डोकं तापलेलं होतं. त्यात या जनरेटरला साधे शेरे दिसत नाहीत. शेऱ्याच्या सुरुवातीला एक खूण लागते. जुन्या फायलींत ती कुठून असणार? तिने सगळ्या शेऱ्यांना एकगठ्ठा उद्गारचिन्ह चिकटवून टाकलं होतं. तिच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीला ते शोभूनही दिसत होतं.

आता तिने खुर्ची पुढे ओढली आणि लाल चौकट वाचली. शेरे आपल्याच भाषेत, पण रोमन लिपीत आणि सगळी अक्षरं मोठी, असे होते. त्यामुळे ते नेहमीच ओरडल्यासारखे वाटत. तक्त्यातलं नाव होतं 'तळाचा खडबडीतपणा, नवा'. नदीचा तळ पाण्याला किती अडवतो, ते सांगणारा हा आकडा तिचा होता. खाली लिहिलं होतं:

वापरू नये. ठरवणारीला नदी कळलेली नाही.

"ठरवणारीला," साहेबांनी मोठ्याने वाचलं. "ठरवणाऱ्याला नाही. ठरवणारीला."

त्या प्रोग्रामला आजवर दोनच बायकांनी हात लावला होता. दोघींचं आडनाव एक, म्हणून ऑफिसात एक थोरल्या बाई आणि दुसरी धाकट्या बाई. आणि थोरल्या बाई म्हणजे धाकटीची सासू.

"तुमच्या सासूबाई बाकी मिश्कील आहेत," साहेब म्हणाले. "गुरुत्वाकर्षणाच्या आकड्याला काय लिहिलंय बघा. 'मोजून आणलेला आहे. टेबलावर बसून ठरवलेला नाही. बदलू नये.' आता गुरुत्वाकर्षण कोण बदलायला बसलंय! आणि फायलीची माहिती काय, तर 'हा सगळीकडे सारखाच असतो.' वा!"

धाकटी हसली नाही.

"तर मी काय म्हणतो, जुनाच आकडा घालून टाका. त्यांनी लेखी सांगितलंय की नवा वापरू नये. उद्या कक्षातल्या लोकांनी ही लाल चौकट बघितली, तर काय उत्तर देऊ मी?"

"जुन्या आकड्याने काय झालं होतं, माहीत आहे ना?"

"ते माझ्या आधीचं."

"खालच्या आळीतली घरं बुडाली होती. तुमच्या आधीची असली तरी."

साहेबांनी बोट मागे घेतलं. "रागावू नका. त्यांच्याकडून लिहून आणा की नवा बरोबर आहे, मी नवाच ठेवतो. नाहीतर जुना. मला दोन्ही सारखेच."

ते गेल्यावर तिने खात्री करण्यासाठी मूळ फाईल उघडली. आकड्यांची ही फाईल थोरल्या बाईंची. तिला कुणी हात लावत नसे, वाचतही नसे. शेरा खरोखर होता. तिच्या आकड्याच्या अगदी खाली, एक ओळसुद्धा मोकळी न सोडता, टोचून बसवल्यासारखा. आणि त्याच्याही खाली 'तळाचा खडबडीतपणा, जुना', म्हणजे बाईंचा स्वतःचा आकडा. त्याच्यापुढे? त्याच्यापुढे काही नाही. पानावरचा तो पडलेल्या दातासारखा रिकामा खण म्हणजे तोच. दुसऱ्याच्या कामावर लाल रेघ, आणि स्वतःच्या कामावर एक अक्षर नाही!

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती जाताना तिला स्पष्ट कळली.

त्या जुन्या आकड्याने सांगितलं होतं की पाणी पुलाच्या खालच्या पायरीपाशी थांबेल. पाणी थांबलं नाही. खालच्या आळीतल्या घरांच्या खिडक्यांपर्यंत चढलं. माणसं वाचली, ती कुणीतरी वेळेवर आरडाओरडा केला म्हणून, प्रोग्राममुळे नाही. धाकटी तेव्हा नोकरीत नवी होती. पूर ओसरल्यावर तिने एक होडी मागून घेतली आणि तो सगळा उन्हाळा नदीत काढला. दोऱ्या टाकल्या, काठ्या रोवल्या, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून प्रवाहाचा वेग मोजला. तळाला दगड किती, वाळू किती, बुडालेली मुळं किती. नदीचं पाणी जोखलं म्हणायचं तर ते तिने जोखलं होतं. शेवटी जो आकडा निघाला, तो कागदावर लिहून तिने थोरल्या बाईंच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅडमच्या, टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा लावला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "ठीक."

पुढे मॅडमना संध्याकाळी न्यायला येणाऱ्या त्यांच्या मुलाशी तिचं लग्न झालं. मॅडमच्या आई झाल्या, आईंच्या आजी झाल्या, निवृत्तही झाल्या. पण 'ठीक'च्या पुढे गाडी सरकली नाही. जुन्या फॉरट्रानमध्ये ओळ बहात्तर अक्षरांत बसवावी लागते. त्यापुढचं मशीन वाचत नाही. बाईंनी ती शिस्त घरीही आणली होती. बहात्तर अक्षरांत मावेल तेवढंच बोलायचं. सुनेच्या वाट्याला त्यातली चार-पाच येत.

ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात नळाची दुरुस्ती चालू होती. बाई हातात पक्कड घेऊन ओट्यापाशी उभ्या होत्या. नवरा ओट्याखालच्या कपाटात अर्धा शिरला होता आणि त्याचे पाय तेवढे फरशीवर दिसत होते.

"बंद केलास?" बाईंनी विचारलं.

"फिरवला की!"

नळातून जोरात पाणी आलं आणि बाईंच्या बाहीवर उडालं.

"उघडलास. मी सांगण्याआधी फिरवलास. आधी ऐकायचं, मग करायचं. माझं सगळं तसंच असतं, आधी सांगणं, मग काम. तुम्हा लोकांचं उलटं."

"आई," धाकटी दारातूनच म्हणाली, "साहेबांना एक ओळ लिहून हवीय. नवा आकडा बरोबर आहे म्हणून."

"कुठला नवा?"

"तळाचा. माझा. ज्याच्याबद्दल तुम्ही लिहून ठेवलंयत की वापरू नये."

बाईंनी पक्कड खाली ठेवली नाही. "मी कुठे लिहिलंय?"

तिने फोन काढून पान त्यांच्या तोंडासमोर धरलं. बाईंचा चष्मा गळ्यात लोंबत होता. त्यांनी तो ओल्या हातांनी लावला, पाहिलं, आणि पुन्हा काढला.

"हे तुझ्याखाली कसं आलं?"

"कसं आलं म्हणजे? तुम्ही लिहिलंत म्हणून आलं! मी मूळ फाईल उघडून बघितलीय. शेरा माझ्या आकड्याला खेटून आहे, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. नाकारा ना. म्हणा, मी लिहिलं नाही."

"लिहिलंय ते मीच लिहिलंय. आणि बरोबर लिहिलंय."

कपाटातून नवऱ्याचा आवाज आला, "मी मध्ये पडत नाहीये."

"तू मध्येच पडला आहेस, आणि पायात येतोयस," धाकटी म्हणाली. "आवर ते पाय."

पाय आवरले गेले.

"बरोबर लिहिलंय?" तिचा आवाज चढला तो तिलाच ओळखू येईना. "ऑफिसचं काम आहे, म्हणून मॅडमच म्हणते. मॅडम, तुमचा आकडा टेबलावर बसून आलेला होता. खालची आळी बुडाली तो आकडा. मी नदीत उभी राहिले तेव्हा मला ताप होता, तरी उभी राहिले. तुम्ही काठावर तरी आला होतात का? आणि नदी कळली नाही कुणाला? मला? बरं, नाही कळली. मग तोंडावर सांगायचं. इतकी वर्षं एका ताटात— नाही, एका टेबलावर जेवतोय आपण. माझ्या हातची भाजी खारट झाली तर सांगता, पडदे तिरके झाले तर सांगता. एवढंच तेवढं मशीनच्या कानात सांगून ठेवलंत?"

तिला अजून बोलायचं होतं, पण श्वास पुरला नाही. नळाने टप्पकन एक थेंब टाकला.

"साहेबांना सांग," बाई म्हणाल्या, "नीट वाचा म्हणून." आणि पक्कड घेऊन पुन्हा नळाला भिडल्या. त्यांची मान लाल झाली होती. पण ती पक्कड आवळल्याने झाली असेल.

"लिहून देणार नाही तर?"

"लिहून दिलेलं आहे."

धाकटीने स्वयंपाकघराचं दार असं ओढलं की वरचा डबा खाली आला. तो कुणी उचलला, ते बघायला ती थांबली नाही.

सकाळी ऑफिसात तिने पर्स टेबलावर आदळली आणि सरळ फाईल उघडली. ठरवूनच आली होती: शेरा खोडायचा. एक ओळ गेली की चौकट गेली, चौकट गेली की साहेबांचा प्रश्न गेला. लिहून दिलंय म्हणे! तिने ओळ निवडली. ती पडद्यावर करड्या रंगात उजळली. बोट कळीवर ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. हे तिला आणखी चिडवून गेलं. त्या बाईंनी एवढं केलं तरी त्यांची ओळ पुसताना आपला हात अडतो! तिने ओळ सोडून दिली आणि आधी रिकाम्या खणाकडे वळली. राग काढायला निदान ते निर्जीव होतं.

खणाची रुंदी बदलून झाली, कडा बदलून झाल्या. मग तिने जनरेटरने मागे टाकलेल्या नोंदी काढल्या. त्यात म्हटलं होतं: जुना आकडा, शेरा सापडला नाही. सापडेल कसा, लिहिलाच नाही तर! ती फाईल वरपासून खाली वाचू लागली, रागारागाने, एकेका ओळीवर बोट ठेवून. साहेबांसारखाच ठसा उमटत होता.

सगळ्यात वर शेरा: हा सगळीकडे सारखाच असतो.

काय सारखं असतं? फाईल? फाईल सगळीकडे सारखी कशी असेल? प्रत्येक नदीची फाईल वेगळी. तिने बोट एक ओळ खाली आणलं. गुरुत्वाकर्षण.

ते सगळीकडे सारखंच असतं.

बोट तिथेच थांबलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी चहा आला का विचारत होतं, ते तिला लांबून ऐकू आल्यासारखं झालं. शेरा वर, आकडा खाली. तिला नळ आठवला, आणि नवऱ्याचे पाय. आधी सांगणं, मग काम.

तिने जनरेटरचं माहितीपत्रक उघडलं. पहिल्या दिवशी घाईत तिने त्यातली एकच खूण उचलली होती. खुणा दोन होत्या. उद्गारचिन्ह असेल, तर शेरा आधी येऊन गेलेल्या ओळीचा. बाण असेल, तर पुढे येणाऱ्या ओळीचा.

बाईंचे शेरे नेहमी डोक्यावर असत. तिने सगळ्यांची मान धरून ते मागच्याच्या पायाशी नेऊन बांधले होते.

उद्गारचिन्हांच्या जागी बाण घालायला काहीच वेळ लागला नाही. तिने जनरेटर पुन्हा चालवला. पान आलं. कपाटांचा निळा, मोठी अक्षरं, नीट बसलेला तक्ता. रिकामा खण नव्हता. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखंच होतं. आणि त्याखाली दोन लाल चौकटी, एकीला लागून एक.

तळाचा खडबडीतपणा, नवा. मोजून आणलेला आहे. टेबलावर बसून ठरवलेला नाही. बदलू नये.

तळाचा खडबडीतपणा, जुना. वापरू नये. ठरवणारीला नदी कळलेली नाही.

तिने पहिली चौकट वाचली. मग अक्षरं मोजली. बहात्तरांच्या एका ओळीत नेमकी मावत होती. एकही शब्द वाया घालवलेला नव्हता. मग ती उठली, खिडकी उघडली, बंद केली आणि पुन्हा येऊन बसली. राग कुठे गेला नव्हता. फक्त इतकी वर्षं तो ज्या खुर्चीवर बसत आला होता, ती कुणीतरी मागून ओढून घेतली होती.

साहेब आले, त्यांनी बोट टेकवलं आणि वाचलं.

"म्हणजे हे थोरल्या बाईंबद्दल आहे? त्यांनीच लिहिलेलं?"

"हो."

"अहो, मग काढा ते! नवा आकडा ठेवा, हरकत नाही. पण एवढ्या ज्येष्ठ बाई, आणि नदी कळलेली नाही, लाल चौकटीत! चार परक्या लोकांसमोर बरं दिसतं का? तुमच्याच घरचं माणूस."

"काल माझं होतं तेव्हा चाललं की."

"काल वेगळं होतं."

"काल चुकीचं होतं. आज बरोबर आहे. त्यांनी लिहिलंय, ते राहील." तिने रुमाल काढून त्यांचा ठसा पुसला. "निळा जमलाय ना? मग झालं."

घरी नळ गळत नव्हता. बाई टेबलापाशी बसून जुना वॉशर बोटात फिरवत होत्या. धाकटीने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, उघडला, आणि खुर्ची न ओढता उभीच राहिली.

बाईंनी चष्मा लावला. सवयीप्रमाणे वरून वाचायला लागल्या. पहिल्या लाल चौकटीपाशी आल्या आणि झटकन दुसरीवर गेल्या, तिथे थांबल्या.

"आता जागेवर आलं," त्या म्हणाल्या.

"एवढंच? काल सांगितलं असतंत तर? शेरा खालच्या ओळीचा आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी रात्रभर जळत होते."

"सांगायला गेले असते, तर खालची ओळ तुला वाचून दाखवावी लागली असती."

"मग दाखवायची!"

"आणि वरचीही."

धाकटीने लॅपटॉप रागाने त्यांच्याकडे आणखी सरकवला. "मशीनला सांगता येतं. मला सांगता येत नाही."

"मशीन मध्ये बोलत नाही," बाई म्हणाल्या. वॉशर त्यांनी टेबलावर आडवा ठेवला. "आणि मला वाटलं होतं, तू वाचशील. फाईल तुझ्याच हाती सोपवून आले होते."

बाहेरच्या खोलीत नवऱ्याने टीव्हीचा आवाज हळूच कमी केला.

"तुमच्या फायलीला हात लावायचा नसतो, असं सगळे म्हणायचे," धाकटी म्हणाली. "मोठ्या अक्षरांत ओरडता तुम्ही त्यात. कोण वाचेल?"

"तेव्हा मशीनला लहान अक्षरं येत नव्हती."

धाकटीच्या ओठाचा कोपरा हलला. तो तिने दाबून धरला. तिने खुर्ची ओढली, जरा जास्तच आवाज करत, आणि बाईंच्या शेजारी बसली. पडद्यावर दोन चौकटी होत्या, तिची वर, त्यांची खाली, एकाच कडेने चिकटलेल्या.

"साहेब म्हणत होते, तुमचा शेरा काढून टाका. मी नाही काढला."

"बरं केलंस." बाई पडद्याकडेच बघत होत्या. "पण दोन्ही लाल केलेस. बदलू नये तेही लाल, वापरू नये तेही लाल. लोकांना फरक कसा कळायचा, मॅडम?"

"वाचून," धाकटी म्हणाली.